अशुभ बोलायचं नाही

कुरडयांचा चीक एकदा चुलीवर चढला की घरात कोणी मेलं तरी पळी थांबवू नये, असं सौंसरच्या बाया म्हणतात. अंबाबाई मात्र असं म्हणत नसत. त्या म्हणत, "घरात पाहुणे आले तरी."

त्या दिवशी पहिल्या गंजातल्या चिकाच्या कुरडया वर स्लॅबवर, जुन्या लुगड्यावर वाळत पडल्या होत्या. दुसरा गंज, तेवढंच मोठं पातेलं, अंगणातल्या चुलीवर रटरटत होता. अंबाबाई दोन्ही हातांनी पळी फिरवत होत्या. त्यांची नात हिमानी भिंतीला टेकवून गोधडीवर बसवलेली होती आणि चिकाचा बुडबुडा फुटला की खुदकन हसत होती. नऊ-दहा वर्षांची पोर. जन्मली तेव्हा लवकर रडली नाही, त्याचं पुढं सगळं झालं. पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकत, हात मनाला येईल तिकडे जात, आणि बोलणं म्हणजे चार-पाच आवाज, जे फक्त घरच्यांनाच कळत.

फाटक वाजलं. अंगणवाडीची सुप्रिया आत आली. हिमानीचा अर्ज करा, सरकारकडून पेन्शन मिळते, हे पहिल्यांदा तिनंच सांगितलं होतं.

"काकू, सर्टिफिकेट आलं म्हणे पोरीचं?"

"आलं नं वो! बस. आधी प्रसाद घे. शनिवारी जामसांवलीले जाऊन मारोतीले नारळ चढवून आलो आमी."

"काहून? काय नवस बोलले होते?"

"टक्के कमी आले बाई! छत्तीसच. शंभरातून छत्तीस अपंग, म्हंजे बाकी पोरगी चांगलीच आहे का नाही? मारोतीरायानंच केलं." आणि अंबाबाईंनी सुनेला हाक मारली, "उर्वशी, तो कागद आण वो."

उर्वशीनं आतून कागद आणला. सुप्रियानं एका तळहातावर खोबऱ्याचा तुकडा धरला आणि दुसऱ्या हातात कागद. वाचता वाचता तिचं खोबरं तसंच हातात राहिलं.

"काकू, चाळीसच्या खाली काही भेटत नाही जी."

"काही म्हंजे?"

"पेन्शन नाही. रेल्वेची सवलत नाही. ज्याच्यासाठी अर्ज केला त्यातलं काहीच नाही." तिनं कागद उर्वशीकडे दिला. "मी तर म्हणत होतो, हिमानीले सत्तर-ऐंशीच्या खाली येणारच नाहीत. हे छत्तीस आले कसे?"

उर्वशीनं सासूकडे पाहिलं. अंबाबाईंची पळी थांबली होती. चीक खाली लागल्याचा वास साऱ्या अंगणात पसरला, तेव्हा उर्वशीनंच पुढं होऊन पदरानं गंज उतरवला. वरवर गुठळ्या, खाली करपलेलं. इतक्या वर्षांत अंबाबाईंच्या हातून चीक गेला नव्हता.

*

छत्तीस कसे आले, हे सांगायचं तर अंबाबाई कोण ते आधी सांगावं लागेल.

वास्तुपुरुष दिवसभर घरात 'तथास्तु, तथास्तु' म्हणत असतो, ही गोष्ट आपण सगळेच लहानपणी ऐकतो आणि सोयीनं विसरतो. अंबाबाई विसरल्या नाहीत. सासरी आल्या तेव्हा सासूनं ओवाळून घरात घेतलं आणि पहिली शिकवण दिली ती हीच, की तोंडातून वाईट निघालं आणि नेमकी तीच वेळ तथास्तुची असली, तर मग रडून उपयोग नाही. तेव्हापासून त्यांच्या घरात काही संपत नाही. मीठ वाढतं. तांदूळ वाढतात. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. दिवा विझत नाही, शांत होतो. घरातून कोणी 'जातो' म्हटलं की त्या दारापर्यंत धावत, "येतो म्हण, येतो म्हण." त्यांचे यजमान केशवराव गल्लीत सांगत, "आमच्या घरी काहीच सरत नाही बापा, सगळं वाढतेच. किराणावाला म्हणते, काकाजी, इतकं वाढते तर उधारी काहून?"

हसायचे सगळे. पण हिमानी जन्मली तेव्हा दवाखान्यात नर्सबाई बाळाला थापट्या मारत होत्या, आणि उर्वशीची आई तोंडात पदर कोंबून 'गेलं, गेलं' म्हणत होती, तेव्हा अंबाबाई एकट्या उभ्या राहून "रडते, आता रडते" असं जप केल्यासारखं म्हणत राहिल्या. आणि बाळ रडलं. तो दिवस आणि आजचा दिवस, त्या पोरीबद्दल 'नाही' हा शब्द त्यांनी घरात येऊ दिला नाही. शेजारच्या मनकर्णाबाईनं एकदा विचारलं, "चालत नाही नं अजून?" तर अंबाबाई म्हणाल्या, "चालेल." दुसऱ्या वर्षी विचारलं, तरी "चालेल." मग मनकर्णाबाईनं विचारणं सोडलं.

मुलगा भूपेंद्र कारखान्यात पाळीवर. उर्वशी हंगामात संत्र्याच्या छाटणीला जाई. तेव्हा सकाळपासून सांजेपर्यंत पोरीचं खाणं, धुणं, न्हाणं, उचलणं, सगळं अंबाबाईंच्या अंगावर. केलंही त्यांनी, देवपूजा करावी तसं. नागपूरच्या व्यायामाच्या डॉक्टरांनी मात्र एकदा स्पष्ट सांगितलं होतं, आठवड्याच्या आठवड्याला आणा, पाय आखडून गेले की मग आमच्याही हातात राहणार नाही. आठवड्याच्या आठवड्याला नागपूर, म्हणजे उर्वशीचं काम बुडालं, भाडं लागलं. दोन-तीनदा नेलं आणि मग राहिलं. पेन्शन सुरू झाली, रेल्वेची सवलत मिळाली, तर पोरीला नेता येईल, एवढ्याचसाठी तो अर्ज होता. पैशाची हाव कोणालाच नव्हती. पाय आखडायच्या आत पोहोचायचं होतं.

*

पांढुर्ण्याला तपासणीचं शिबिर लागलं. आदल्या दिवसापासून अंबाबाईंची लगबग. पोरीला न्हाऊ घातलं, तेल लावून घट्ट वेण्या घातल्या, भाचीच्या लग्नातलं परकर-पोलकं काढलं. सकाळी काजळ घालू लागल्या तेव्हा उर्वशी म्हणाली, "आई, काजळ कायले? तपासणी आहे, तिले पाहाले पाहुणे नाही येऊन राहिले."

"सरकारी असले म्हणून काय झालं, परकेच नं? परक्यापुढं लेकरू नीट दिसलं पाह्यजे."

आणि तेवढंच नाही. आठवडाभर रोज दुपारी त्या पोरीला भिंत धरून उभी करत होत्या. "धर माय, भिंत धर. टाक पाऊल. मारोतीराया बळ देते." पोर थरथरत एक पाऊल टाकी आणि आजीच्या अंगावर पडे. दोघी हसत.

शिबिरात गर्दी होती, पण रांग चालत होती. डॉक्टरीणबाई तरुण, हिंदी बोलणाऱ्या, आवाजानं मऊ. त्यांनी पोरीचे पाय वाकवून पाहिले, हात ओढून पाहिले, कागदावर काही लिहिलं आणि मग विचारू लागल्या.

"बच्ची अपने हाथ से खाना खाती है?"

"खाते नं जी," अंबाबाई म्हणाल्या.

पोरीच्या हातात पोळीचा तुकडा दिला तर तो कानाशी जाई, खांद्याशी जाई, देवाची मर्जी असली तर तोंडाशी येई. घास अंबाबाईच भरवत.

"कपड़े खुद पहन लेती है?"

"हात वर करते जी. लय हुशार आहे."

"मतलब पहन लेती है?"

"जमते, जमते."

"लैट्रिन-बाथरूम का बताती है?"

मागं रांगेत माणसं उभी होती, बाप्ये माणसं. पोर मोठी होत आलेली. अंबाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "बताती है जी. सब बताती है."

उर्वशी मागून म्हणाली, "मॅडम, वैसा नहीं है, वो..."

"तू चूप राह्य," अंबाबाई मान वळवून हलकेच म्हणाल्या. "दिवसभर तिच्यापाशी मी राहतो का तू?"

खरंच होतं ते. डॉक्टरीणबाईंनीही ऐकलं आणि मान हलवली. जी सांभाळते तिलाच विचारायचं, रीतच आहे ती. उर्वशीनं मान खाली घातली. चारचौघांत सासूचं बोलणं खोडायची रीत त्या घरात नव्हती.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ज़रा खड़ी कर के दिखाइए."

अंबाबाईंनी पोरीला टेबलाच्या कडेला धरून उभी केली आणि हात सोडला. एवढ्या माणसांत, एवढ्या गोंगाटात, हिमानीनं टेबलाची कड धरून एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग, घरी कधीच टाकलं नव्हतं ते तिसरं. वर आजीकडे पाहून हसली. रांगेतल्या कोणीतरी टाळी वाजवली. "शाबाश बेटा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अंबाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

परतताना बसस्टँडवर तिघींनी उसाचा रस घेतला. अंबाबाई सारख्या म्हणत होत्या, "पाह्यलं का वो, पाह्यलं का? लोकायनं टाळ्या वाजवल्या माझ्या पोरीले." उर्वशी पोरीच्या हनुवटीवरचा रस पुसत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं ते आजचं होतं. अंबाबाई सांगून आल्या ते पुढं कधीतरी होईल ते. आणि कागदावर ते आजचं म्हणून उतरलं. दोष कोणाला द्यायचा?

*

सुप्रिया गेली, जाताना एवढं सांगून गेली की पुन्हा तपासणीसाठी अर्ज करता येतो. पण या वेळी पोरीला काय काय येत नाही ते एकूण एक लिहा, आणि जी तिला सांभाळते तिनंच ते सांगायचं. विचारलं तर तेच तोंडानंही सांगता आलं पाहिजे.

उर्वशी करपलेला गंज घासत बसली. घासता घासता बोलली, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा अशी बोलली.

"आई, तुमी हो हो म्हणत गेल्या. मी मांगं उभी होतो. मले वाटलं ओरडावं. पण तुमी म्हणाल्या, दिवसभर कोण राहते. काय बोलू मंग? तुमच्या एका एका 'हो'पाई माझ्या पोरीचे पाय जाऊन राहिले."

"असं बोलू नको वो," अंबाबाई नकळत म्हणाल्या, "घरात असं..."

"पाह्य! पाह्य, अजून तेच!" उर्वशीनं गंज आदळला आणि आत निघून गेली.

खाटेवर बसलेल्या केशवरावांनी चष्मा काढला. "अंबे, तुह्या तोंडून एकबी 'नाही' निघालं नाही का वो?"

"तुमी होते का तिथं?"

"मी असतो तर मीबी 'हो'च म्हटलं असतं. चाळीस वर्षं तुह्यापुढं तेच म्हणून राहिलो."

एरवी अंबाबाई हसल्या असत्या. त्या उठल्या, वरणभात कालवला आणि पोरीला भरवायला बसल्या. रोजचंच काम. पण त्या दुपारी त्यांना जे दिसत होतं ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. घास तोंडात गेला तरी अर्धा बाहेर येतो. पाणी पाजताना मान आपल्याला धरावी लागते. ओलं झालं की पोर आधी सांगत नाही, झाल्यावर रडते. मांडीवरून उतरवताना पाय सुटत नाहीत. मागच्या दिवाळीला थोडेसे तरी सुटत होते. देवाचं नाव घेऊन आपण डोळ्यांवर पदर ओढून बसलो होतो की काय, असं त्यांच्या मनात आलं. आणि तो नारळ! छत्तीस टक्क्यांचा नारळ आपण मारोतीपुढं वाजतगाजत फोडून आलो. त्यानं काय म्हटलं असेल?

सांज व्हायच्या आधी त्या आपण होऊन उर्वशीच्या दाराशी गेल्या. "कागद घे. लिहू आपण."

उर्वशी वही आणि पेन घेऊन देवघराजवळच्या पाटावर बसली. "सांगा."

अंबाबाईंनी तोंड उघडलं. समईकडे पाहिलं. तोंड मिटलं. "इथं नाही."

"मंग अंगणात चला."

"अंगणबी घरातच येते."

"ओट्यावर?"

"ओटा काय वेगळा आहे?"

"मंग काय गोटे फेकून मारतात त्या गोटमारीच्या नदीत जाऊन बसू, आई?" उर्वशीला रडू आणि हसू एकदमच आलं.

"शेताच्या रस्त्यावर पुलिया आहे नं, तिथं चल. पुलिया सरकारची. तिथं कोण्या घराची वास्तू नाही."

केशवरावांना पोर उचलवत नसे, त्यांच्या भरवशावर तिला घरी ठेवता येईना, म्हणून उर्वशीनं हिमानीला कडेवर घेतलं. तिघी ओढ्यावरच्या त्या पुलियावर गेल्या. कठड्यावर गोधडीची घडी टाकून पोरीला मध्ये बसवलं, एकीचा हात पाठीशी. खालून पाणी नव्हतं, नुसते गोटे. संत्र्याचं ट्रॅक्टर खडखडत गेलं.

"लिह," अंबाबाई म्हणाल्या. "आपल्या हातानं जेवत नाही."

म्हटलं आणि दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. आभाळ होतं तिथंच होतं.

"घास खांद्याकडे जाते. भरवा लागते. पाणी पाजताना मान धरा लागते. कपडे घालता येत नाहीत. उभी राहत नाही धरल्याबिगर. त्या दिवशी चालली ते टेबल होतं म्हणून, अन् मी आठ दिवस शिकवलं होतं म्हणून. ते बी लिह. शू लागली तर सांगत नाही. ओलं झालं का रडते." आता शब्द थांबेनात. इतक्या वर्षांचं साठलेलं, बांध फुटावा तसं. "नाव विचारलं तर सांगता येत नाही. कोणी मारलं तर कोणी मारलं ते सांगता येत नाही. माशी बसली तर हाकलता येत नाही. मी गेल्यावर..."

"ते नाही लिहायचं, आई," उर्वशी पेन थांबवून म्हणाली.

तेव्हा अंबाबाईंच्या ध्यानात आलं की मघाचं ट्रॅक्टर गेलं आणि हिमानी हसली नाही. ट्रॅक्टर पाहिलं की ती हमखास हसे. त्यांनी खाली पाहिलं. पोर त्यांच्या तोंडाकडे बघत होती. एकटक. तिच्या मुठीत आजीच्या पदराचं टोक असे, कुठंही बसली तरी असे. ते सुटलेलं होतं.

वास्तूनं ऐकू नये म्हणून त्या घरापासून इतक्या लांब आल्या होत्या, आणि जिच्याबद्दल बोलायचं तिलाच सोबत घेऊन आल्या होत्या.

"नाही वो माझी माय," त्यांनी पोरीचा गाल धरला. "ते कागदासाठी. कागदासाठी बोलून राहिलो मी. माझी बाई किती हुशार..."

हिमानीनं मान वळवली. तिची मान तिच्या मनासारखी वळत नाही, वेळ लागतो. तेवढा वेळ घेऊन तिनं ती वळवली आणि आईच्या खांद्यात तोंड घातलं.

"समजते तिले सगळं," उर्वशी हळूच म्हणाली. "एवढं लिहायचं तर राहूनच गेलं."

"काय?"

"समजते म्हणून."

"ते लिहू नको वो," अंबाबाई पटकन म्हणाल्या. "मंग टक्के कमी होतील."

बोलून गेल्या आणि आपलाच आवाज त्यांना परका वाटला. जन्मभर पोरीबद्दल जे खरं नव्हतं त्याला 'हो' म्हणत आल्या, आणि जे एकच खरं 'हो' होतं ते आता नको म्हणत होत्या. उर्वशीनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, थकून. मग गुडघ्यावरचा कागद सारखा केला आणि सगळ्यात खाली एक ओळ लिहिली, की मुलीला बोलता येत नाही, पण बोललेलं सगळं समजतं.

अंबाबाईंनी अडवलं नाही. पेन मागून घेतलं आणि त्या ओळीखाली, डगमगत्या अक्षरात, आपली सही केली.

येताना त्यांनी पोरीला घ्यायला हात पुढं केले. एरवी ती झेप घाली. या वेळी आईच्या मानेला घट्ट धरून राहिली. "राहू द्या आई, मी घेतो," उर्वशी म्हणाली. अंबाबाई गोधडी काखेत धरून मागं मागं चालत आल्या. दाराशी केशवरावांनी विचारलं, "झालं का?" तर त्यांनी नुसती मान हलवली.

अर्जाला जुन्या सर्टिफिकेटची आणि आधारकार्डाची झेरॉक्स जोडायची होती. नत्थूजीचं दुकान सहाला बंद होई. अंबाबाईंनी कागद पिशवीत घातले, चपला घातल्या आणि झेरॉक्स काढायला निघाल्या.